वाट वळविली, फूल वाचले

वनस्पतींचे रक्षण म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर वृक्षारोपणाचे चित्र उभे राहते. खड्डा खणावा, रोप लावावे, त्यास काटेरी कुंपण करावे, उन्हाळ्यात पाणी घालावे. अशा सेवेने झाड वाढते, हे खरेच आहे. परंतु सृष्टीत अशाही काही वनस्पती आहेत की त्यांना माणसाने घातलेले पाणी नको असते, खत नको असते आणि सावलीही नको असते. माणसाने आपले पाऊल त्यांच्या भूमीवरून काढून घ्यावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील रॉबिन्सचे सिंकफॉइल ही अशीच एक वनस्पती होय. ती नष्ट होण्याच्या मार्गावर कशी आली आणि कोणत्या उपायांनी वाचली, याची हकीकत निसर्गशिक्षणाच्या दृष्टीने बोधप्रद आहे.

स्थान व हवामान

अमेरिकेच्या ईशान्य भागात न्यू हॅम्पशायर नावाचे राज्य आहे. त्या राज्यात व्हाइट माउंटन्स ही पर्वतराजी पसरलेली असून तिच्यातील सर्वांत उंच शिखर माउंट वॉशिंग्टन हे आहे. त्याची उंची १,९१७ मीटर, म्हणजे ६,२८८ फूट आहे. या शिखराच्या दक्षिणेस माउंट मन्रो हे दुसरे शिखर असून त्याच्या पायथ्याशी मन्रो फ्लॅट्स नावाचा सपाट, खडकाळ माळ आहे. या माळावरील सुमारे एका एकराच्या तुकड्यात या वनस्पतीची मुख्य वस्ती आहे. याखेरीज त्याच पर्वतराजीतील फ्रँकोनिया नावाच्या डोंगररांगेवर तिची थोडी रोपे आढळतात. साऱ्या पृथ्वीवर इतरत्र कोठेही ही वनस्पती निसर्गतः उगवत नाही.

मन्रो फ्लॅट्सची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर आहे. आपल्या कळसूबाईच्या शिखराची उंची १,६४६ मीटर आहे. म्हणजे हा माळ कळसूबाईहूनही ठेंगणा ठरतो. असे असता कळसूबाईवर हिरवे गवत डोलते आणि तेथे मात्र ध्रुवप्रदेशासारखी स्थिती असते, हे कसे? याचे कारण केवळ उंचीत नाही. न्यू हॅम्पशायर विषुववृत्तापासून बरेच दूर, सुमारे ४४ उत्तर अक्षांशावर आहे. शिवाय अनेक वादळांचे मार्ग या पर्वतावरून जातात. १२ एप्रिल १९३४ रोजी माउंट वॉशिंग्टनच्या वेधशाळेत वाऱ्याचा वेग ताशी २३१ मैल, म्हणजे सुमारे ३७२ किलोमीटर नोंदला गेला. अशा थंडीवाऱ्यामुळे सुमारे १,४०० मीटरांच्या वर वृक्ष वाढत नाहीत. वृक्ष जेथे संपतात त्या मर्यादेस वृक्षरेषा म्हणतात, व तिच्या वरील प्रदेशात वाढणाऱ्या वनस्पतींना पर्वतीय अथवा अल्पाइन वनस्पती असे नाव आहे.

वनस्पतीचा परिचय

रॉबिन्सचे सिंकफॉइल ही गुलाबाच्या कुळातील वनस्पती आहे. तिचे शास्त्रीय नाव पोटेंटिला रॉबिन्सियाना असे आहे. ‘सिंकफॉइल’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘पाच पानांचे’ असा असून तो या वर्गातील अनेक वनस्पतींना लागू पडतो. पण या वनस्पतीचे पान मात्र तीनच पर्णिकांचे असते. पर्णिकांच्या कडा दातेरी असतात व त्यांवर दाट, मऊ लव असते. सर्व पाने जमिनीलगत गोलाकार पसरलेली असतात. पूर्ण वाढलेल्या रोपाचा हा पर्णचक्राचा घेर बहुधा दोन ते चार सेंटिमीटर रुंद असतो. म्हणजे रुपयाच्या नाण्याएवढा, फार तर त्याहून थोडा मोठा. जूनच्या सुमारास त्यावर पाच पाकळ्यांची लहान पिवळी फुले येतात. उभ्याने चालणाऱ्या माणसाला हे रोप सहसा दिसतही नाही; ते पाहण्यासाठी गुडघे टेकावे लागतात.

या ठेंगणेपणातच त्या रोपाचे सामर्थ्य आहे. जमिनीलगत वाऱ्याचा जोर कमी असतो आणि उन्हाने तापलेल्या दगडांची ऊबही तेथे मिळते. पानांवरील लव ओलावा टिकविण्यास साहाय्य करते. रोप वर इवलेसे दिसले, तरी त्याचे सोटमूळ दगडगोट्यांच्या खाली खोल गेलेले असते व त्याच्या बळावर रोप वर्षानुवर्षे एका जागी तग धरून राहते.

मन्रो फ्लॅट्सवर हिवाळ्यात फारसे बर्फ साठत नाही, कारण वारा ते उडवून नेतो. बर्फाचा थर हा वनस्पतींना पांघरुणासारखा उपयोगी असतो; ते पांघरूण नसल्याने इतर बहुतेक वनस्पती तेथे जगू शकत नाहीत. ज्या उघड्या जमिनीवर कोणी स्पर्धक येत नाही, तीच या वनस्पतीने आपली केली आहे. तिला सुपीक जमिनीत हलविले म्हणजे ती सुखी होईल, अशी कल्पना कोणी केल्यास ती चुकीची ठरेल. तेथे उंच गवते व झुडपे तिला झाकून टाकतील.

वाढीचा संथ क्रम

या वनस्पतीच्या बीजनिर्मितीतही एक विशेष आहे. परागाने होणाऱ्या फलनावाचून तिचे बी तयार होते. त्यामुळे नवी रोपे बहुधा मातृरोपाची हुबेहूब प्रतिकृती असतात. बी मातृरोपापासून फार दूर जात नाही. बहुतेक बी जवळपासच पडते. म्हणून ही वनस्पती एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर सहजासहजी पसरत नाही.

पडलेले बी रुजले, तरी संकट संपत नाही. जमिनीतील पाणी गोठताना सुयांसारखे बर्फाचे बारीक खांब तयार होतात आणि ते वरची माती उचलून धरतात. त्या मातीबरोबर कोवळी रोपेही मुळासकट उपटली जातात. शिवाय जूनच्या पुढील काही आठवडे कोरडे गेले की मुळे पुरेशी खोल न गेलेली रोपे सुकतात. बहुसंख्य रोपे पहिल्या वर्षातच मरतात. जी वाचतात, त्यांनाही फुलावर येण्यास कित्येक वर्षे लागतात. यावरून असे दिसते की या वनस्पतीच्या वस्तीचा सर्व भार जुन्या, मुळे रोवून बसलेल्या रोपांवर असतो. असे एक रोप नष्ट झाले, तर त्याची जागा भरून निघण्यास दीर्घ काळ लागतो.

संकटाचे कारण

एवढ्या प्रचंड वाऱ्यास दाद न देणारी वनस्पती धोक्यात आली, ती एका पाऊलवाटेमुळे. १८१९ साली एबेल क्रॉफर्ड व त्यांचे पुत्र ईथन अॅलन क्रॉफर्ड यांनी माउंट वॉशिंग्टनच्या शिखराकडे जाणारी वाट तयार केली. ती क्रॉफर्ड वाट या नावाने प्रसिद्ध असून अमेरिकेत अखंड वापरात असलेल्या पर्वतवाटांमध्ये ती सर्वांत जुनी मानली जाते. पुढे ती रुंद करण्यात येऊन तिच्यावरून घोडेही जाऊ लागले. ही वाट मन्रो फ्लॅट्सवरून, नेमक्या या वनस्पतीच्या वस्तीमधून गेली होती. वाट आखणाऱ्यांचा यात दोष नव्हता. पायांखाली काय आहे, याची त्या वेळी कोणासच कल्पना नव्हती.

वाट झाल्यामुळे निसर्गाचे अभ्यासक पर्वतावर येऊ लागले आणि १८२० ते १८३० या दशकात ही वनस्पती त्यांच्या दृष्टीस पडली. त्यांपैकी जेम्स वॉटसन रॉबिन्स या वैद्यकीय व्यावसायिक असलेल्या वनस्पतिसंशोधकाचे नाव तिला मिळाले. अर्थात जिच्यामुळे वनस्पतीची ओळख पटली, तीच वाट तिच्या नाशासही कारण होऊ लागली. दुर्मिळ वस्तूचा मोह विद्वानांनाही सुटत नाही. त्या काळी शुष्क वनस्पतींचे संग्रह करण्याची मोठी आवड होती. एकमेकांशी नमुन्यांची देवघेवही चाले. या छोट्याशा माळावरून शेकडो रोपे मुळासकट काढून नेण्यात आली आणि ती निरनिराळ्या संग्रहांतील कागदांवर जाऊन चिकटली.

विसाव्या शतकात गिर्यारोहण ही सामान्य माणसाची आवड झाली. १९१५ साली अॅपलाचियन माउंटन क्लब या संस्थेने मन्रो फ्लॅट्सजवळ ‘लेक्स ऑफ द क्लाउड्स’ नावाची विश्रांतिका बांधली. अॅपलाचियन ट्रेल ही अनेक राज्यांतून जाणारी लांब पदयात्रेची वाटही येथे क्रॉफर्ड वाटेवरूनच जाते. दर उन्हाळ्यात हजारो माणसे तेथून ये-जा करू लागली. चिखल चुकविण्यासाठी एकाने वाटेच्या कडेला पाय ठेवावा, फोटो घेण्यासाठी दुसऱ्याने चार पावले बाजूला जावे, तिसऱ्याने शिदोरी सोडण्यासाठी सपाट जागा शोधावी. यातील कोणाच्याही मनात फुलाला इजा करण्याचा हेतू नव्हता. परंतु नाण्याएवढ्या रोपावर बूट पडला की पाने चिरडतात, मुळाभोवतीचे खडे सरकतात आणि मोकळ्या झालेल्या मातीत बर्फाचे काम अधिकच सोपे होते. कोणत्याही एका माणसाने ही वनस्पती नष्ट केली नसती. सर्वांनी मिळून ती जवळजवळ नष्ट केली.

कायद्याचा आधार

अमेरिकेत १९७३ साली संकटग्रस्त जीवजातींच्या रक्षणाचा कायदा झाला. कोणते प्राणी व कोणत्या वनस्पती नष्ट होण्याच्या मार्गावर आहेत हे पारखून त्यांची यादी करावी, त्यांच्या वस्तीच्या अत्यावश्यक जागा ठरवाव्यात आणि त्यांच्या पुनरुज्जीवनाची योजना आखावी, असे या कायद्याचे स्थूल स्वरूप आहे. १९८० साली रॉबिन्सच्या सिंकफॉइलचा या यादीत समावेश झाला व मन्रो फ्लॅट्सवरील तिची भूमी अत्यावश्यक वस्ती म्हणून ठरविण्यात आली. १९८३ साली पुनरुज्जीवनाची योजना तयार झाली.

यादीत नाव आल्याने फूल आपोआप वाचत नाही. कायद्याने अधिकार मिळतो. काम प्रत्यक्ष डोंगरावरच करावे लागते. हे काम तीन संस्थांनी वाटून घेतले. त्या भूमीची व्यवस्था पाहणारे सरकारी वनखाते, गिर्यारोहकांचा अॅपलाचियन माउंटन क्लब आणि रानफुलांचे संवर्धन करणारी न्यू इंग्लंड वाइल्ड फ्लॉवर सोसायटी या त्या संस्था होत. ज्यांच्या सभासदांची पावले त्या माळावर पडत होती, तेच गिर्यारोहक रक्षणाच्या कामात पुढे आले, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे.

वाट वळविली

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा उपाय साधा होता. १९८३ साली क्रॉफर्ड वाटेचा तेथील भाग वनस्पतीच्या वस्तीपासून दूर हलविण्यात आला. एकशे साठ वर्षांहून अधिक काळ चाललेली वाट माणसांनी एका नाण्याएवढ्या रोपासाठी बदलली. वस्तीभोवती डोंगरावरचेच दगड रचून ठेंगणी भिंत घालण्यात आली व आत जाण्यास सर्वांना मनाई करण्यात आली. ही भिंत कोणासही सहज ओलांडता येईल इतकी बुटकी होती. ती अडविण्यापेक्षा सांगण्याचे काम अधिक करीत होती. म्हणून तिच्या जोडीला लोकशिक्षणाचीही योजना करण्यात आली. आत जाऊ नये हे सांगणारे फलक लावण्यात आले, आणि विश्रांतिकेत उतरणाऱ्या प्रवाशांना त्यामागचे कारणही समजावून देण्यात येऊ लागले. कारण कळले म्हणजे नियम पाळणे माणसास जड जात नाही.

त्याच वेळी अभ्यासकांनी रोपांची वेळोवेळी मोजणी चालू ठेवली. किती रोपे उगवली, किती मेली, किती फुलावर आली, याच्या नोंदी वर्षानुवर्षे करण्यात आल्या. ही मोजणी गुडघ्यांवर बसून, एकेक दगडाभोवती डोळे फिरवून करावी लागते. तिच्यावाचून योजना सफल होत आहे की नाही, हे कळण्याचा दुसरा मार्ग नव्हता.

दुसऱ्या डोंगरावर वस्ती

एखाद्या वनस्पतीची बहुतेक सर्व रोपे एकाच एकरात असली, तर एखादी दरड किंवा एखादा रोगही तिचा शेवट करू शकतो. शेतकरी आपले सर्व बियाणे एकाच कणगीत ठेवीत नाही, तशीच ही दक्षता होय. न्यू इंग्लंड वाइल्ड फ्लॉवर सोसायटीने जपून बी गोळा केले, आपल्या बागेत त्याची रोपे वाढविली आणि ती पर्वतावरील योग्य अशा दुसऱ्या जागी नेऊन लावण्यात आली.

हे काम प्रथमच यशस्वी झाले असे नाही. बागेत जोमाने वाढलेले रोप पर्वतावरील पहिल्याच हिवाळ्यात उपटले जाई. लागवडीच्या सर्व जागी रोपे टिकली नाहीत. कोणत्या आकाराची रोपे लावावीत, कोणती जागा निवडावी, मुळाशी खडे कसे बसवावेत, हे अनुभवाने शिकावे लागले. अखेर फ्रँकोनियाच्या रांगेवर रोपांनी मूळ धरले. एवढेच नव्हे, तर त्या रोपांच्या बियांपासून नवी रोपे उगवू लागली. लावलेले रोप जगणे ही पहिली पायरी आणि त्याची संतती माणसाच्या साहाय्यावाचून वाढणे ही दुसरी पायरी. दुसरी पायरी गाठल्यावरच वस्ती खऱ्या अर्थाने वसली असे म्हणता येते.

यादीतून मुक्तता

या सर्व प्रयत्नांचे फळ सुमारे वीस वर्षांनी दिसले. मन्रो फ्लॅट्सवरील लहानमोठ्या रोपांची संख्या सुमारे १४,००० पर्यंत पोहोचली. ऑगस्ट २००२ मध्ये रॉबिन्सच्या सिंकफॉइलचे नाव संकटग्रस्त जातींच्या यादीतून काढून टाकण्यात आले. पुनरुज्जीवन झाल्यामुळे या यादीतून मुक्त झालेल्या वनस्पती अगदी मोजक्या आहेत; त्यांत या इवल्याशा फुलाची गणना होते. रुग्ण बरा होऊन घरी जावा हाच रुग्णालयाचा हेतू असतो. त्याचप्रमाणे नाव यादीतून निघावे, यासाठीच ते यादीत घालावयाचे असते.

मात्र नाव निघाले म्हणजे पहारा उठला असे झाले नाही. यादीतून मुक्त झालेल्या जातीवर किमान पाच वर्षे लक्ष ठेवावे, असा त्या कायद्याचाच दंडक आहे. शिवाय या भूमीचे रक्षण पुढेही चालू ठेवण्याचा करार संबंधित सरकारी खात्यांनी आधीच केला होता. न्यू इंग्लंड वाइल्ड फ्लॉवर सोसायटीने २०१९ साली नेटिव्ह प्लांट ट्रस्ट हे नाव धारण केले. नाव बदलले तरी रानफुलांच्या संवर्धनाचे कार्य तिने सोडलेले नाही.

चिंता सर्वस्वी मिटलेली आहे असेही नाही. या वनस्पतीची रोपे परस्परांशी फार मिळतीजुळती असल्याने बदललेल्या परिस्थितीस तोंड देण्याची विविधता त्यांच्यात थोडी आहे. पृथ्वीचे हवामान तापत आहे. उष्णता वाढली की खालच्या वनस्पती वर सरकतात. पण माथ्याजवळ राहणाऱ्या वनस्पतीला वर सरकण्यास जागा उरत नाही. पावलांच्या संकटावर दगडांची भिंत घालता आली. या संकटावर तशी भिंत घालता येणार नाही.

वर्गातील पाठासाठी

वरील हकीकत तिसरी-चौथीच्या मुलांना गोष्टीरूपाने सांगता येईल. परंतु केवळ सांगण्यावर न थांबता तिला प्रत्यक्ष निरीक्षणाची जोड द्यावी. पावसाळा संपता संपता शाळेच्या आवारातील किंवा गावाबाहेरील एखादी पायवाट निवडावी. मुलांनी दोरीने एक हात लांब व एक हात रुंद असे तीन चौकोन आखावेत. एक वाटेच्या मधोमध, एक वाटेच्या काठावर आणि एक दहा पावले दूर. प्रत्येक चौकोनात किती रोपे आहेत व किती प्रकारची आहेत, हे मुलांनी न उपटता मोजावे. नंतर एक बारीक काठी प्रत्येक चौकोनातील जमिनीत हलकेच खुपसून पाहावी आणि ती कोठे सहज जाते व कोठे अडते, याची नोंद करावी. आकडे फळ्यावर मांडले म्हणजे पावलांचा परिणाम मुलांना शिक्षकांनी न सांगताही दिसेल.

यानंतर मुलांना एकच प्रश्न विचारावा. वाटेच्या काठी एखादे दुर्मिळ रोप सापडले, तर गावाची ये-जा न थांबविता ती वाट कोठून वळविता येईल? उत्तर तोंडी न घेता प्रत्येक गटास त्या जागेचा कच्चा नकाशा काढावयास सांगावे. चढ, ओढा, शेताचे बांध आणि पाणवठा यांचा विचार केल्याशिवाय तो नकाशा पुरा होणार नाही, व त्यासाठी मुलांना ती जागा पुन्हा एकदा, या वेळी अधिक लक्ष देऊन, पाहावी लागेल.